गाडी तापते कधी? : रायगडच्या किनाऱ्यावरील जुनी मोटार आणि तिची शीतन यंत्रणा

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो, मोठा भाग सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपाने इंजिनाच्या धातूत शिरतो. धातूत शिरलेली ही उष्णता सतत बाहेर काढून हवेच्या स्वाधीन करणाऱ्या व्यवस्थेला शीतन यंत्रणा म्हणतात. तिच्यात वॉटर पंप पाणी फिरवतो, रेडिएटर ते पाणी बारीक नळ्यांतून नेऊन थंड करतो, पंखा त्या नळ्यांवरून हवा ओढतो, थर्मोस्टॅट इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरतो आणि रेडिएटरचे झाकण सगळ्या पाण्यावर दाब राखते. यांपैकी कोणताही घटक बिघडला तरी चालकाला दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे टेम्परेचरचा काटा वर चढतो. लक्षण एक आणि कारणे अनेक, ही या चिकित्सेतील मूळ अडचण आहे. त्यामुळे काय बिघडले हे विचारण्याआधी गाडी नेमकी कधी तापते हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी रायगडचा किनारा सोयीचा प्रदेश आहे. मुंबईकडून येणारी गाडी वडखळच्या नाक्यावरील कोंडीत रेंगाळते, तेथून धरमतर खाडी ओलांडून पोयनाडपर्यंत सपाट रस्त्यावर वेगाने जाते आणि अलिबागच्या अलीकडे कार्लेखिंडीचा चढ चढते. म्हणजे थांबलेली गाडी, पळणारी गाडी आणि चढणारी गाडी या तिन्ही अवस्था अवघ्या काही किलोमीटरांत एकापाठोपाठ येतात आणि त्यांपैकी कोणत्या अवस्थेत काटा हलला यावरून बिघाडाची दिशा बरीचशी ठरते. माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालेल्या गाडीची परीक्षा याहून कडक होते, कारण तेथे चढ लांबलचक असतो, वेग कमी असतो आणि इंजिनावरचा भार सतत टिकून राहतो.

या भागात अजूनही दिसणाऱ्या जुन्या गाड्यांत दोन प्रकारची रचना आढळते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या, फियाट ११०० च्या वंशातील पद्मिनीत पंखा पट्ट्यावर चालतो, त्यामुळे त्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० मध्ये पंखा विजेचा असून पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की तो आपोआप सुरू होतो. हा फरक वरवरचा वाटला तरी चिकित्सेत तो पुढे वारंवार कामी येतो.

पहिली खातरजमा काट्याचीच करावी लागते. इंजिनात बसवलेल्या संवेदकाचा विद्युतरोध तापमान वाढले की कमी होतो आणि काटा त्यानुसार चढतो. संवेदकाची वायर तुटली की काटा थंडच दाखवतो आणि ती कुठे बॉडीला टेकली की इंजिन गार असतानाही काटा थेट टोकाला जातो. काही जुन्या गाड्यांत पेट्रोलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा एकाच व्होल्टेज स्थिरकावर चालतात, म्हणून दोन्ही काटे एकदमच चढे दिसू लागले तर दोष पाण्यात नसून डॅशबोर्डमागे असण्याची शक्यता अधिक. उलट प्रकार मात्र धोक्याचा आहे: पाणी इतके कमी झाले की संवेदक पाण्याबाहेर उघडा पडला, तर काटा खाली येतो आणि चालकाला गाडी निवली असे वाटते, प्रत्यक्षात तेव्हा इंजिन कोरडे जळत असते. अवरक्त किरणांनी तापमान मोजणारे हातातले थर्मामीटर हल्ली स्वस्तात मिळते व ते काट्याची साक्ष तपासायला उत्तम आहे, परंतु चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखले असता ते खूपच कमी आकडा दाखवते. म्हणून काळ्या रबरी होज पाइपवर किंवा धातूवर चिकटवलेल्या काळ्या टेपच्या तुकड्यावर ते रोखावे.

काटा खरा बोलतो हे ठरल्यावर ‘कधी’ या प्रश्नाकडे वळता येते. गाडी कोंडीत उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा होताच निवते, तर पाणी फिरत आहे पण हवा कमी पडत आहे असा त्याचा अर्थ होतो, कारण धावत्या गाडीला समोरून वारा फुकट मिळतो आणि उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. पद्मिनीसारख्या गाडीत अशा वेळी गिअर काढून इंजिनाच्या फेऱ्या थोड्या वाढवल्या आणि काटा खाली येऊ लागला, तर पट्टा सैल आहे किंवा पंखा मंद आहे हे जवळपास सिद्ध होते. विजेच्या पंख्याच्या गाडीत काटा वर गेला तरी पंखा सुरू झाला नाही, तर रेडिएटरजवळच्या तापमानाच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच नादुरुस्त आहे. तरीही फिरला नाही, तर बॅटरीवरून मोटारीला थेट वीज देऊन पाहावी. आता फिरला तर फ्यूज, रिले किंवा वायरिंगमध्ये दोष आहे आणि आताही फिरला नाही तर मोटार गेली. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ हात नेण्याआधी बॅटरीची वायर काढणे शहाणपणाचे.

या टप्प्यावर गॅरेजमध्ये अनेकदा ‘पंखा डायरेक्ट केला’ जातो, म्हणजे स्विच आणि रिले वगळून पंखा चावीवर कायमचा सुरू ठेवला जातो. गाडी तेवढ्यापुरती निवते, पण पंखा अखंड फिरत राहिल्याने मोटार लवकर झिजते आणि पुढच्या वेळी गाडी तापली की मागच्या दुरुस्तीचा धागा सापडत नाही. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय याहून वाईट आहे. आपल्याकडे उन्हाळा कडक, मग अडथळा हवाच कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. प्रत्यक्षात थर्मोस्टॅटमधील मेण साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला वितळून झडप उघडते, त्यामुळे गरम इंजिनाला तो अडवतच नाही. तो अडवतो ते थंड इंजिनाला. तो नसला की इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा गार चालते, पेट्रोल जास्त पिते, सिलिंडरची झीज वाढते आणि अर्धा बुजलेला रेडिएटर मुरूड-अलिबाग फेऱ्यांत कधीच उघडा न पडता ऐन ताम्हिणीत दगा देतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाण्याचा एक भाग आडवाटेने, रेडिएटरला वगळूनच फिरत राहतो, म्हणजे ज्या इलाजाने गाडी निवायची त्याच इलाजाने ती तापते.

थर्मोस्टॅट खरोखर अडकला असेल तर त्याची खूण निराळी असते. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात, चढ नसताना आणि कोंडी नसताना काटा सरळ वर जातो, वरचा होज पाइप चटके देतो आणि खालचा पाइप व रेडिएटर मात्र गार राहतात. सुटा केलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवले की तो किती अंशांना उघडतो हे स्वयंपाकघरातही पाहता येते. त्याचे ठरलेले तापमान बहुधा त्याच्या धातूवर कोरलेले असते.

सपाट रस्त्यावर वेगात तापणारी गाडी वेगळी गोष्ट सांगते. तेथे हवा भरपूर असते, म्हणून संशय पाण्याच्या फिरण्यावर जातो: रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, पंपाची पाती गंजून खाल्ली गेली असतील किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आतल्या आत चपटा होत असेल. हा शेवटचा दोष उभ्या गाडीत दिसत नाही, कारण मंद फेऱ्यांत ओढ कमी असते. बॉनेट उघडून दुसऱ्या कोणाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले आणि पाइप दबताना दिसला की निदान झाले. पंपाबाबत एक गैरसमज आढळतो की तो गळत नसेल तर तो चांगलाच असणार. गळणे हे पंपाच्या सीलचे लक्षण आहे आणि त्यासाठी पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, जेथून ओघळ किंवा वाळलेला डाग दिसला की पंप बदलायची वेळ आली असे समजतात. पाती झिजलेला पंप मात्र एक थेंबही न सांडता निकामी झालेला असू शकतो.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खास आजार रेडिएटरच्या बाहेरच्या अंगाला होतो. समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतील मीठ धातूवर बसते. मिठाचे हे प्रमाण किनाऱ्यापासून आत गेल्यावर झपाट्याने घटते, त्यामुळे काशीद किंवा नागावला पुळणीलगत उभ्या राहणाऱ्या गाडीचे आणि पेणला उभ्या राहणाऱ्या गाडीचे आयुष्य सारखे नसते. साधे मीठ हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतूनच पाणी ओढून विरघळते आणि समुद्री मिठातील मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही ओले राहतात. कोकणातील पावसाळ्यात, आणि इतर ऋतूंतील अनेक रात्री-पहाटेही, आर्द्रता या पातळीच्या वरच असते, म्हणून धातूवरचा खारा ओलावा नीटसा वाळतच नाही. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसवलेल्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, ज्यांना फिन म्हणतात, या ओलाव्याने प्रथम खाल्ल्या जातात. नळी शाबूत राहते, पाणी गळत नाही, दाबाची चाचणी उत्तीर्ण होते. पण फिनचा नळीशी असलेला सांधा सुटलेला असल्यामुळे पाण्यातली उष्णता हवेपर्यंत पोहोचतच नाही. अशा रेडिएटरच्या फिनवर बोट हलकेच फिरवले तर भुकटी हाती येते. नळ्यांतून सळई घालून गाळ काढणे, ज्याला कारागीर रॉडिंग म्हणतात, येथे व्यर्थ आहे, कारण दोष नळीच्या आत नाही. नवी जाळी बसवणे किंवा रेडिएटर बदलणे एवढाच मार्ग उरतो. हे ओळखण्याआधी बाहेरचा कचरा मात्र धुऊन पाहावा. भाताचे तूस, किडे आणि चिखल इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मंद धारेने पाणी सोडून काढावेत. सर्व्हिस सेंटरातील जोरदार फवारा कुजलेल्या फिन आडव्या करून टाकतो.

आतल्या अंगाचा शत्रू विहिरीचे पाणी हा आहे. अलिबाग, चौल, श्रीवर्धनच्या वाड्यांतील विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि वाटेत तापलेल्या गाडीत हेच पाणी बादलीने ओतले जाते. पाण्यातील कॅल्शियमचे क्षार पाणी तापले की अधिक विरघळण्याऐवजी बाहेर पडतात, म्हणून चुना नेमका इंजिनाच्या सर्वांत तप्त भिंतीवर, हेडच्या आसपास जमतो, जेथे उष्णता उचलण्याची गरज सर्वांत मोठी असते. त्यातच बीड, ॲल्युमिनियम, तांबे आणि डाख हे वेगवेगळे धातू एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असल्याने त्यांच्यात बॅटरीसारखी विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू, म्हणजे बहुतेकदा ॲल्युमिनियम, झिजतो. साबण ज्या पाण्यात फेस धरत नाही ते पाणी रेडिएटरला घालू नये, एवढी कसोटी पुरेशी आहे. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी त्यासाठी योग्य.

कूलंट हे बर्फाच्या मुलखासाठी असते, कोकणात त्याचे काय काम, असे बरेच जण मानतात. पाणी गोठू न देणे हा कूलंटमधील ग्लायकॉलचा गुण येथे निरुपयोगी आहे हे खरे, आणि उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे हेही खरे. तरीही कूलंट हवे ते त्यातील गंजरोधक द्रव्यांसाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी: निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण दाबाविना सुमारे १०७ अंशांना उकळते. गंजरोधक द्रव्ये वर्षागणिक संपत जातात, मग गाडी चालो वा न चालो. शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांच्या बंगल्यांत महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्यांचे किलोमीटर कमी असतात आणि कूलंट मात्र मेलेले असते. शिवाय पंख्याची मोटार जाम झालेली, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या आणि ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात. चिकटलेला ब्रेक ओढत पळणारी गाडी रेडिएटर निर्दोष असूनही तापते, म्हणून थोडे अंतर चालवून चारही चाकांच्या मध्यभागाची उष्णता ताडून पाहणे हा शीतन यंत्रणेच्या तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

रेडिएटरचे झाकण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित घटक. प्रेशर कुकरप्रमाणेच ते दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू चढवते, ०.९ बार दाबाचे झाकण साध्या पाण्याला समुद्रसपाटीवर सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळू देत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर चिरले की हा फायदा नाहीसा होतो, आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरी तर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, जे तापमान काट्याच्या दृष्टीने जवळजवळ नेहमीचेच आहे. किनाऱ्यावर वर्षभर निमूट चाललेली गाडी आंबेनळीच्या माथ्यावर पाणी फेकते त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. झाकणात उलट दिशेची एक छोटी झडपही असते, जी इंजिन निवताना जादा पाण्याच्या बाटलीतले पाणी परत आत घेते. ती चिकटली की सकाळी वरचा होज पाइप पिचकलेला दिसतो.

याच दाबामुळे तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे घातक ठरते. ११८ अंशांवरच्या एक लिटर पाण्यावरचा दाब एकदम काढला तर त्यातील सुमारे तीन टक्के पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि त्या वाफेचे आकारमान पन्नास लिटरहून अधिक भरते. चेहरा आणि हात भाजण्याच्या घटना यातून होतात. वरचा होज पाइप हाताला निवलेला आणि मऊ लागेपर्यंत थांबणे हाच नियम, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून घाई तेथेही नको.

‘गाडी पाणी पिते’ ही तक्रार स्वतंत्रपणे हाताळावी लागते, कारण पाणी एक तर बाहेर जाते किंवा आत. बाहेरची गळती शोधायला रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि पंपावरचा दाबाचा काटा उतरतो का ते पाहतात. थंड इंजिनावर रात्रभर गळून गरम झाल्यावर बंद होणारे क्लिपजवळचे पाझर अशा चाचणीतच सापडतात. बाहेर काहीच ओले दिसत नसेल तर संशय हेड गॅसकेटवर, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांमधील पातळ पडद्यावर जातो. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; एकदा जोरात तापलेल्या गाडीचे हेड वाकते व गॅसकेट फाटते ते यामुळे.

गॅसकेट फाटल्याची प्रसिद्ध खूण म्हणजे ऑइलच्या झाकणाखाली साचलेला दुधाळ साका. कोकणात ही खूण फसवी आहे. दमट हवेत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, आत शिरलेली वाफ झाकणाखाली थिजते आणि तसाच साका निरोगी गाडीतही धरतो. पावसाळी सकाळचा सायलेन्सरमधला पांढरा धूरही त्याच जातीचा. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि गाडी तासभर पळवल्यावर साका नाहीसा होत असेल, तर हेड उघडण्याचे कारण नाही, आणि केवळ या साक्यावरून हेड खोलायला लावणाऱ्या कारागिराला आणखी एक चाचणी मागणे हा मालकाचा हक्क आहे. ती चाचणी सोपी आहे: थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप मिनिटभरात टणक होतो का, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची सलग माळ लागते का हे पाहावे, आणि शंका उरली तर तेथील हवा निळ्या रंगाच्या तपासणी द्रवातून ओढावी, ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात घुसत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो.

दुरुस्ती कोणतीही झाली तरी पाणी भरताना आत अडकलेली हवा काढल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, कारण हेडमध्ये राहिलेला हवेचा फुगा नव्या पंपालाही निष्फळ करतो. गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवून, हीटर असल्यास तो पूर्ण उघडून, झाकण काढून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, पातळी उतरेल तसे भरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, बाटलीवरची खूण पुन्हा पाहावी. काढलेले जुने कूलंट वाडीच्या पाटात किंवा गटारात सोडू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोडेसेही त्यांच्या मूत्रपिंडांना प्राणघातक ठरते, म्हणून ते झाकणबंद कॅनमध्ये भरून, वर ठळक नाव लिहून, वापरलेले ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.